स्पिटफायरला मोठी चाकं: १५ इंचापासून परत १३ वर, कामाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

चवथ आटोपली, पाहुणे गेले, आता शेड रिकामी आहे तर चाकांचं काम काढतोय. गाडी मामाची, ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री, १९६८, १२९६ सीसी. मामाच्या काकांनी मोंबासाहून बोटीतून आणलेली, आता गोव्यात फोंड्याजवळ कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला शेडमध्ये असते. इंजिन आणि ब्रेक गेल्या वर्षी झालेत, ते पुराण वेगळं. हे लिहून ठेवण्याचं कारण म्हणजे आपल्याकडे स्पिटफायर मोजक्याच असल्या तरी स्टँडर्ड हेराल्ड पुष्कळ आहेत, आणि स्पिटफायरची चासी हेराल्डवरूनच आलेली, त्यामुळे पुढचा सांगाडा, हब, चाकांची भोकं हे सगळं जवळपास तेच. ज्याच्याकडे हेराल्ड आहे त्यालाही उपयोग होईल.

आत्ताची परिस्थिती: मूळ लोखंडी रिम, १३ इंची, रुंदी फक्त साडेतीन इंच. त्यावर ५.२० बाय १३ चे जुने क्रॉसप्लाय टायर (रेडियलच्या आधीची, तिरक्या धाग्यांची जात), साइडवॉलला नखभर भेगा. उभ्या उभ्या टायर खालून चपटे झालेत, पहिला किलोमीटरभर गाडी धडधडतच जाते. टायर बदलायचेच होते, त्यात मामाची फर्माईश आली, "चाकं मोठी घाल रे, मडगार्ड भरल्यासारखं दिसूंदे". त्याने कुठेतरी १५ इंची अलॉयवाली स्पिटफायर फोटोत बघितली आहे आणि ती डोक्यातून जात नाहीये.

२२ सप्टेंबर

टायरवाल्यांकडे फिरलो. प्रत्येक जण चार नट बघतो आणि म्हणतो "फोर बाय हंड्रेड, बसणार". नाही बसत. चार भोकांच्या रिमवर समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर मोजलं की पीसीडी मिळतो. माझ्याकडे मोजल्यावर आलं ९५ आणि वर थोडं, म्हणजे पावणेचार इंच, बरोबर ९५.२५ मिमी. स्विफ्ट, आय१०, सँट्रो ह्या सगळ्या १०० च्या. जुनी मारुती ८०० मात्र ११४.३ ची. आणि इंग्लिश गाड्यांचं आपसातसुद्धा जुळत नाही, मिनी आणि एमजी मिजेट १०१.६, एमजीबी ११४.३, त्यामुळे कोणी "इंग्लिश स्पोर्ट्स कारचे व्हील आहेत, घेऊन टाका" म्हटलं तरी आधी पट्टी लावायची.

म्हापशाला एका अलॉयवाल्याने उपाय सांगितला, भोकं जरा आत ओढून लांबट करून देतो, पाचशे रुपये. ९५.२५ आणि १०० मधला फरक पावणेपाच मिमी, म्हणजे प्रत्येक भोक जेमतेम अडीच मिमी सरकवायचं, ऐकायला काहीच नाही वाटत. पण नटाचं तोंड निमुळतं असतं आणि ते रिमच्या निमुळत्या खळग्यात बसूनच चाक मधोमध येतं. भोक लांबट केलं की नट एका बाजूनेच टेकतो, सैल होतो, मग एक दिवस चाक गाडीच्या पुढे पळतं. नमस्कार करून निघालो. कोणी हे करून "दोन वर्षं झाली, काही होत नाही" म्हणत असेल तर त्याच्या गाडीत बसू नका.

५ ऑक्टोबर

पैसे घालण्याआधी प्लायवूडची चाकं केली. गंमत वाटेल पण ह्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी प्रकार हाच. टायरचा बाहेरचा व्यास काढायचा हिशोब सोपा आहे, रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात साइडवॉलची उंची दोनदा मिळवायची. १५५/८० आर१३ म्हणजे रुंदी १५५ मिमी, साइडवॉल तिच्या ८० टक्के म्हणजे १२४, रिम १३ इंची, तर ३३० अधिक १२४ अधिक १२४, ५७८ मिमी. मी काढलेले बाकीचे असे: १४५/८० आर१३ चा ५६२, १७५/७० आर१३ चा ५७५, १८५/६० आर१३ चा ५५२, १८५/६० आर१४ चा ५७८, १९५/५० आर१५ चा ५७६.

म्हणजे बघा, १५ इंची घेतलं तरी बाहेरून चाक तेवढंच राहतं, मोठं होतं ते फक्त धातूचं ताट, रबर कमी होतं. व्यास ५७० ते ५८० मध्ये ठेवला तर स्पीडोमीटर आणि गिअरिंग फार हलत नाही. ह्या गाडीच्या मागच्या डिफरन्शिअलचा रेशो ४.११ आहे, चौथ्या गिअरमध्ये ८० ला इंजिन ३१०० च्या आसपास फिरतं, आधीच आरडाओरडा करतं, त्यात ५५२ वाला छोटा टायर टाकला की आणखी दीडशे आरपीएम वाढणार. त्यामुळे १८५/६० आर१३ तिथेच बाद. दिसायला रुंद आणि छान असतो तो, पण गाडी खालीही येते, आणि आमच्या वाटेवरच्या गतिरोधकांवर सायलेंसर आधीच घासतोय.

१५ इंचीसाठी भंगारातून एक अलॉय आणि १९५/५० चा जुना टायर उसना आणला, वजन काट्यावर टाकलं, पंधरा किलोच्या वर. मूळ १३ इंची लोखंडी रिम टायरसकट अकरा. गाडीच अख्खी सातशे दहा किलोच्या आसपास आहे, तिच्या प्रत्येक कोपऱ्यात चार किलो लटकवायचे आणि मग खड्डा आला की ते चार किलो स्प्रिंगने आवरायचे. शिवाय ५० चा साइडवॉल म्हणजे जेमतेम दहा सेंटीमीटर रबर, पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते बघता रिम वाकणारच. प्लायवूडचं चाक रुपेरी रंगवून मडगार्डखाली धरलं आणि मामाला लांब उभं करून दाखवलं. बारीक अंगाची गाडी आणि खाली देवळाच्या रथाची चाकं. मामा बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला "चौदा बघूया". १५ संपलं.

१९ ऑक्टोबर

१४ साठी विचार असा: आय१०, सँट्रोला बसणारी १०० पीसीडीची अलॉय सेकंडहँड ढिगाने मिळतात. मध्ये अडॅप्टर प्लेट टाकायची. प्लेट आधी गाडीच्या ९५.२५ च्या स्टडवर बसते, तिच्यावर १०० वाले नवीन स्टड, ४५ अंश फिरवून, कारण सरळ रेषेत घेतले तर भोकं एकमेकांत घुसतात. आतले नट प्लेटमध्ये पूर्ण बुडायला हवेत म्हणून जाडी वीसच्या खाली जातच नाही, आम्ही २४ मिमी धरली. ही जाडी चाक तेवढं बाहेर ढकलते. पण आजकालच्या रिमचा ऑफसेट (हबला टेकणारं तोंड रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते, रिमवर ईटी म्हणून लिहितात) मोठा असतो, मी घेतलेल्यावर ईटी ४५ कोरलेलं, ४५ वजा २४ म्हणजे २१ उरतो, जुन्या गाडीला चालेलसा आकडा. कागदावर इतकं छान जुळलं की मला वाटलं झालंच काम.

साडेपाच इंच रुंद १४ ची चार अलॉय ११,००० ला घेतली. वेर्णा औद्योगिक वसाहतीत ओळखीचा लेथवाला आहे, त्याने ड्रॉइंग बघितलं, बोटाने पुसलं, परत बघितलं आणि म्हणाला, "हें जावचें ना पात्रांव", हे व्हायचं नाही मालक. का तर त्याच्याकडे त्या वेळी डिव्हायडिंग हेड नव्हतं, आठ भोकं नेमक्या कोनात मारायची हमी तो देईना. मग दुसऱ्याकडे गेलो जो लगेच हो म्हणाला.

२९ ऑक्टोबर

अडॅप्टर आले, ९,५०० चारचे. चकचकीत. बसवले, १८५/६० आर१४ चढवलेली चाकं लावली, फर्मागुडीकडे निघालो. ४० पर्यंत ठीक, ५५ पासून स्टिअरिंग थरथरायला लागलं, ७० ला आरसा बघवेना. बॅलन्सिंग परत करून आणलं, तेच. मग चाक उचलून डायल गेज लावला, अडॅप्टरच्या तोंडावर ०.७ मिमीची फेक, म्हणजे फिरताना तेवढं डगमगतं. एका प्लेटची भोकंच मध्यापासून सरकलेली आणि दुसरी हबवर सपाट बसत नव्हती कारण ड्रमच्या तोंडावर गंजाची पापडी होती. ती पापडी मी खरवडली, अर्धी थरथर गेली. भोकांचं काही करता येत नाही. शिवाय प्लेटला मागून हबच्या मध्यावर बसणारा जो गोल कंगोरा असतो तोही सैल, म्हणजे सगळा भार आणि मध्य राखायचं काम फक्त नटांवर.

उद्या नरकासुराची रात्र (दिवाळीआधी पोरं नरकासुराचे पुतळे मिरवतात ती), फोंड्यातले सगळे रस्ते पोरांनी अडवलेले असणार, गाडी आज रात्रीच आत.

आणखी एक गोष्ट ह्याच दिवसातली. पूर्ण लॉक मारला, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं, की पुढचा टायर अँटीरोल बारला (वळणात गाडी कलंडू नये म्हणून असतो त्या आडव्या दांड्याला) घासतो. स्पिटफायर चोवीस फुटांत वळते, टॅक्सीवाले बघत राहतात, ती मजा ह्या गाडीत फुकट मिळते आणि ती घालवून चाकं लावायची म्हणजे काय. १४ वर तरीही मन होतं, चांगले अडॅप्टर बाहेरून मागवूया म्हणून.

९ नोव्हेंबर

मन होतं ते आज गेलं.

थरथर नक्की कुठली ते बघायला पुढचा भाग जॅकवर घेतला. ह्या गाडीचं अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटतं, सगळं उघडं दिसतं, टायरवर बसून काम करता येतं, असलं सुख दुसऱ्या गाडीत नाही. टायर वर आणि खाली धरून हलवला, डावीकडे खट्ट. भाच्याला ब्रेक दाबायला लावला. ब्रेक दाबल्यावर हा ढिलेपणा बंद झाला तर बेअरिंग, तरीही राहिला तर पुढचं काहीतरी. राहिला. खालचा ट्रनिअन.

हेराल्ड-स्पिटफायरवाल्यांनी हा परिच्छेद तरी वाचा. ह्या गाड्यांना खाली बॉल जॉइंट नाही. पुढचं हब धरणारी जी उभी लिंक असते तिच्या खालच्या टोकाला आटे आहेत आणि ते पितळी ट्रनिअनमध्ये स्क्रूसारखे बसतात, स्टिअरिंग वळवलं की ते आटे फिरतात. त्यात गिअर ऑइल जायला हवं, ईपी ९०, ग्रीस नाही. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, वर सुकून घट्ट बसतं, मग आत पाणी शिरतं, गंज लागतो आणि लिंक आट्यापाशीच तुटते. तुटली की चाक आडवं होतं. आमच्या गाडीत कुठल्यातरी गॅरेजने वर्षानुवर्षं इमानेइतबारे ग्रीस भरलेलं. काढल्यावर आतून तपकिरी चिखल निघाला, पहिले चार-पाच आटे गंजाने खाल्लेले.

आता ह्यावर चाक बाहेर ढकलायचं, रुंद टायर लावायचा, म्हणजे त्याच आट्यांवर जास्त लांब दांडीने जोर द्यायचा. मागेही तेच, मागचं हब आणि बेअरिंग हाफ शाफ्टच्या टोकाला लटकलेलं आहे आणि ते हब काढायला खास पुलर लागतो, साध्या तीन पायांच्या पुलरने शाफ्टचं टोक फुलतं पण हब येत नाही. जिथे बेअरिंग बदलणं म्हणजे आठवड्याचं काम तिथे बेअरिंगवर मुद्दाम भार का वाढवायचा?

तर ठरलं. अडॅप्टर नाही, १४ नाही. तेराच, थोडं रुंद, मूळ पीसीडीचं, आणि उरलेला पैसा ट्रनिअनला.

नवीन ट्रनिअन, बुश आणि डावी उभी लिंक कोल्हापूरच्या एका जुन्या पार्टवाल्याकडे हेराल्डची म्हणून मिळाली, ६,२०० सगळं मिळून. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, दोन्ही बाजू एकदम उघडून एका टबात टाकू नका. नट टाइट करताना गाडी जमिनीवर असू द्या, बुश पिळून बसत नाहीत. एवढंच सांगतो, बाकी मॅन्युअलमध्ये आहे.

२३ नोव्हेंबर

तेरा इंचीत दोन रस्ते. एक, आहे ती लोखंडी रिम मध्ये कापून पट्टी वेल्ड करून रुंद करणे. चांगला वेल्डर असेल तर जुनी पद्धत आहे, पण आमच्या रिमना आतून गंजाचे खड्डे आहेत. जुन्या रिमवर टायरची कड घसरू नये म्हणून असतो तो उंचवटाही नाही, त्यामुळे ट्यूब घालावीच लागणार. दोन, मिनिलाइट पद्धतीची आठ आऱ्यांची अलॉय, साडेपाच बाय १३, खास ट्रायम्फच्या ९५.२५ ची. विलायतेत नवी-जुनी दोन्ही मिळतात, इथे नाहीत.

आमच्या वाड्यावरच्या एका घरातला मुलगा स्विंडनला आहे, अर्धा गोवा तिथेच आहे म्हणा. तो जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनासाठी महिनाअखेर येतोय. त्याला फोन केला, बाबा माझ्यासाठी चार चाकं आणशील का. तो हसला, त्याला वाटलं खेळण्यातली. एका चाकाचं वजन साडेपाच किलो, चार म्हणजे बावीस, अख्खी एक बॅग. त्याच्या आईसाठी येणारी चॉकलेटं ह्या वेळी माझ्यामुळे कमी पडणार आहेत हे तिला अजून माहीत नाही. सेकंडहँड सेट २२० पाउंडाला मिळाला, माझ्या खात्यातून साधारण २३,५०० गेले.

ऑफसेटबद्दल: विकणाऱ्याचा आकडा घेऊन गप्प बसू नका. माझ्या गाडीत मागे टायर ते मडगार्डची कड अंतर डावीकडे ३८ आणि उजवीकडे ३१ मिमी आहे. छप्पन्न वर्षांची गाडी, कुठेतरी ठोकलेली, सरळ कशी असेल. जुन्या टायरपेक्षा १७५ वाला साडेपाचच्या रिमवर सुमारे ४० मिमी जास्त रुंद बसतो, म्हणजे दोन्हीकडे वीस-वीस वाढले तर उजवीकडे ११ उरतात. १८५ घेतला असता तर आठच्याही खाली. जिथे कमी तिथलाच आकडा धरायचा.

आणि ही मोजणी चुकवणारी एक भानगड आहे. मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपल्या अर्ध्या ॲक्सलसकट मधल्या सांध्यावर वर-खाली झुलतं, वरून एक आडवा पाटा. जॅकवर घेतली की मागची चाकं खाली लोंबकळतात आणि तळाला आत वळतात. जॅक काढला तरी लगेच सरळ होत नाहीत, टायर जमिनीला धरून ठेवतो. मी पहिल्यांदा तशीच मोजली आणि आकडे काही केल्या जुळेनात. गाडी दहा-वीस फूट पुढे-मागे ढकलायची, मग बसते. सीटवर दोन माणसं किंवा वाळूची पोती ठेवून मोजायची, कारण ह्या गाडीत दोन माणसं बसली तरी मागच्या चाकांचा कॅम्बर (उभा तिरपेपणा) बदलतो.

८ डिसेंबर

चाकं मोपाच्या विमानतळावर उतरली. कस्टमवाल्याने खोका उघडायला लावला, पावती बघितली, सोडलं. चाकं झकास, एकाला कडेला खरचटलंय. मामाने एक उचललं, मांडीवर घेऊन बसला, "हलकं आहे रे".

नट मात्र लागेनात. अलॉयचं बूड जाड असतं, त्याला साधे नट चालत नाहीत, लांब बुडाचे नट आणि खाली वॉशर असे लागतात. विकणाऱ्याने टाकलेले नट ७/१६ इंचाचे, आमचे स्टड ३/८ यूएनएफ (इंची मापाचे बारीक आटे). नट स्टडवर नुसता घसरतो. वेर्णाच्या पहिल्या लेथवाल्याला विचारलं बनवशील का, तो म्हणाला बनवेन पण पोलाद कुठलं ते तूच सांग. बरोबर आहे त्याचं. नवीन सोळा नट टपालाने मागवले, पोस्टेजसकट ७,४००. आता थांबा. रागाने काही होत नाही, पण ज्याला मागवायचंय त्याने विकणाऱ्याला स्टडच्या मापाचा फोटो व्हर्निअर लावून पाठवा, गाडीचं नाव सांगून थांबू नका.

२९ डिसेंबर

टायर. १५५/८० आर१३ आय१० आणि टियागोमुळे कुठल्याही दुकानात मिळतो आणि साडेपाचच्या रिमवर बसतोसुद्धा, पण ताणून. १७५/७० आर१३ मागवावा लागला, ४,६५० ला एक, चारचे १८,६००. पहिल्या खेपेला आले त्यावर तारखेचे चार आकडे बघितले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोन टायर २०२४ सालचे, दोन २०२० सालचे. परत पाठवले. दुकानदार म्हणाला "शेडमध्ये ठेवलेले, नवेच आहेत". आमची गाडी वर्षाला फार चालत नाही, टायर झिजून नाही, वयाने मरणार, मग सुरुवातच चार वर्षांनी म्हातारा घेऊन का करायची.

१८५ का नाही ते मामालाही समजवावं लागलं. स्विंग ॲक्सलमध्ये वळणात पाय ॲक्सिलरेटरवरून एकदम उचलला की मागचा भाग वर येतो, बाहेरचं चाक खाली आत दुमडतं आणि गाडी फिरते. टायरची पकड जितकी जास्त तितका तो चाकाला धरून ॲक्सलला वर ढकलण्याचा जोर जास्त. म्हणजे रुंद, चिकट टायर लावला की गाडी सुरक्षित होते असं ह्या गाडीत नाही. नंतरच्या मार्क फोरमध्ये कंपनीने पाटाच बदलला म्हणून तिथे थोडी सवलत आहे. मार्क थ्रीवर १७५ च्या पुढे मी जाणार नाही.

११ जानेवारी २०२५

नट आले, बरोबर आले. लावताना एक तपासणी, नट हाताने फिरवत पूर्ण टेकेपर्यंत किती वेढे घेतो ते मोजायचं. निदान स्टडच्या जाडीइतके आटे पकडले पाहिजेत, ३/८ यूएनएफला इंचात चोवीस आटे, म्हणजे कमीत कमी नऊ वेढे. पुढे अकरा मिळाले, मागे उजवीकडे एका स्टडवर साडेसातच. तो स्टड कधीतरी बदललेला आणि आखूड. त्याच दिवशी काढून लांब घातला.

टायरवाल्याला नट आवळायची हवेची गन लावू दिली नाही, तो चिडला. हे नट साधारण ४० फूट-पाउंडांचे, गनने स्टड ओढला जातो. पन्नास किलोमीटरनंतर परत पाना लावला, दोन नट थोडे फिरले.

हवा: भरणाऱ्या पोराने न विचारता चारीला ३२ भरली. घरी येईपर्यंत गाडी रस्त्यावर नाचत होती. इंजिन पुढे असूनही गाडी इतकी हलकी आहे की पुढे २२ पुष्कळ, मागे २६. मागे पुढच्यापेक्षा जास्त, हे उलट करायचं नाही, स्विंग ॲक्सलला ते महागात पडतं. मी आता डॅशबोर्डवर चिठ्ठी लावली आहे.

१९ जानेवारी

फोंडा, बोरी, मडगाव, परत. जुन्या गोव्याकडची गर्दी संपली पण तरी तो रस्ता टाळला. थरथर शून्य, ९० पर्यंत स्टिअरिंग शांत. फोनवरच्या जीपीएसला ६० असताना मैलांचा काटा ३८ दाखवतो, म्हणजे जवळपास बरोबरच. बोरीच्या उतारावर आधी क्रॉसप्लाय रस्त्यातल्या प्रत्येक रेघेमागे जायचे, ते बंद. पार्किंगला स्टिअरिंग किंचित जड झालंय. पूर्ण लॉकला घासत नाही. मामा पूर्ण वाट काही बोलला नाही, मडगावला चहा घेताना उठून गाडीभोवती एक फेरी मारून आला.

२ फेब्रुवारी

दोघं बसून, मागे सामान, आणि गतिरोधक जोरात, तर उजवीकडे खर्रर. ११ मिमी पुरले नाहीत. मडगार्डची आतली कड आत दाबून घ्यायची म्हणून हीट गन घेऊन बसलो, पहिल्याच दाबाला रंग तडकला आणि खालून गुलाबी पुट्टी. बोटभर जाड. कड पत्र्याची नव्हतीच, पुट्टीचीच होती, कोणीतरी गंजलेली कड कापून मूर्ती घडवल्यासारखी घडवलेली. तिथे टायर नाही घासत, पुट्टी टायरला घासते. सगळी काढली, पत्र्याची पट्टी वेल्ड करून घेतली, म्हापशाच्या पत्रेवाल्याने आणि रंगवाल्याने मिळून ८,००० घेतले. आता उजवीकडे १९ मिमी. हे पहिल्या दिवशी चुंबक फिरवून कळलं असतं.

१ मार्च

खर्च, ज्याला लागेल त्याला. चाकं २३,५००, नट ७,४००, टायर १८,६००, ट्रनिअन आणि लिंक ६,२००, पत्रा-रंग ८,०००, बॅलन्सिंग, जुने टायर उतरवणं आणि किरकोळ २,१००. हे कामी आलेले ६५,८००. वाया गेलेले: अडॅप्टर ९,५०० पूर्ण, १४ ची अलॉय ११,००० ला घेऊन ९,००० ला एका आय१० वाल्याला दिली, १८५/६० चे चार टायर जुने होते ते फुकटात गेले, मला ६,००० ला पडलेले. अडॅप्टर कोणाला विकणार नाही, मागू नका, एक शेडचं दार उघडं ठेवायला लावलाय.

राहिलेलं: स्टेपनी जुनी लोखंडी रिमच ठेवली आहे, त्यावर ट्यूब घालून १४५/८० आर१३, वॅगनआरचा. साडेतीनच्या रिमला त्याहून रुंद नको. पण लोखंडी रिमला अलॉयचे लांब नट चालत नाहीत, म्हणून जुने चार नट एका पिशवीत घालून स्टेपनीलाच बांधलेत, ही पिशवी विसरलात तर रस्त्यात स्टेपनी असून उपयोग नाही. पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे, टायर मडगार्डच्या बाहेर नाही तेव्हा अडचण यायला नको. पावसाच्या आधी ट्रनिअनला परत ईपी ९० मारायचं, उजवी बाजूही उघडून बघायची. चिकटवायची बॅलन्सिंगची वजनं लाल मातीत सुटतात, एक आत्ताच गळालंय, त्या चाकाचं बॅलन्सिंग शनिवारी.